भंगारातला रंधा

१/४ मुंबईत रे रोडजवळ दारूखाना आहे. नावातली दारू बंदुकीची. ओळख मात्र जहाजे मोडण्याची. दक्षिणेकडून मुंबईला येणारी जहाजे वेळणेश्वरच्या समुद्रावरून जातात. त्यांतल्या काहींची अखेर येथे झाली. १९८३ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर गुजरातेतील अलंगला गेले, परंतु दारूखान्यात भंगाराचा बाजार राहिला.

२/४ अशा बाजारात पत्रा, साखळदंड यांबरोबर सुताराची जुनी हत्यारेही येतात. तराजूला रंध्याचे पाते आणि मोडका नट सारखाच.

३/४ काही जुन्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो. १७४० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्डच्या परिसरात घड्याळजी बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद केले. मुशीतले पोलाद भारताला त्याआधी शतकानुशतके ठाऊक होते! महागड्या पोलादाची पातळ पट्टी लोहार मऊ लोखंडावर जोडीत. त्यामुळे धार टिके आणि पाते सहसा मोडत नसे.

४/४ म्हणून जाणता सुतार वरवरच्या गंजाला भीत नाही. तो पात्याची कड घासून दोन थर शोधतो. धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील, तरच पाते सोडतो. न ओळखलेले पाते भट्टीत जाते, आणि त्यासोबत एका लोहाराची कारागिरीही वितळते.