रांगेतला विलंब : जंगलातल्या टॉवरपर्यंत पोहोचणारा ४० वर्षांचा इतिहास

१/ चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत तुटला. अशा वेळी मोबाइलचा आधार असतो. पण टॉवर असूनही संदेश का रखडतो?

२/ विलंब दोन प्रकारचा असतो. पहिला अंतराचा. टॉवर उपग्रहामार्फत जोडलेला असेल, तर भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवर. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास जवळपास अर्धा सेकंद लागतोच. दुसरा रांगेचा. वाटेतल्या उपकरणाच्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, माहितीची पाकिटे खोळंबतात. हा विलंब मानवनिर्मित आहे.

३/ १९८५ : अमर्याद स्मृती दिली तरी कोंडी सुटत नाही, हे जॉन नेगल यांनी दाखवून दिले.

४/ ऑक्टोबर १९८६ : लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्ड, तरीही वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला : पाकीट हरवणे हा कोंडीचा इशारा मानून पाठवणाऱ्याने वेग कमी करावा.

५/ पुढे स्मृती स्वस्त झाली. पाकीट हरवू नये या सद्हेतूने बफर मोठे होत गेले. परिणामी इशाराच वेळेवर मिळेना आणि रांगा फुगल्या. २०१० च्या सुमारास जिम गेटीज यांनी या व्याधीला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले.

६/ हिशेब पाहा. १ मेगाबाइटचा भरलेला बफर सेकंदाला १०० मेगाबिटांच्या जोडणीवर ०.०८ सेकंदात रिकामा होतो. १ मेगाबिटाच्या जोडणीवर त्याला ८ सेकंद लागतात. उपकरण तेच, शहराला जाणवतही नाही, दुर्गम गावाचा मात्र कॉल तुटतो.

७/ २०१२ : कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांची ‘कोडेल’ पद्धत. रांगेची लांबी न मोजता प्रतीक्षेचा काळ मोजायचा. ती ५ मिलिसेकंदांच्या वर सलग १०० मिलिसेकंद राहिली, की पाकिटे टाकून देऊन इशारा द्यायचा. बिनतारी जाळ्यात हे विशेष मोलाचे. कारण झाडी, अंतर आणि गर्दी यांनुसार तिथला वेग क्षणोक्षणी बदलतो, आणि एकच ठरावीक लांबी सदैव योग्य ठरत नाही.

८/ केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये नक्षलप्रभावित भागांसाठी २,१९९ टॉवरांना, तर २०२२ मध्ये २,३४३ ठिकाणी टूजीचे फोरजी करण्यास मंजुरी दिली. वेग वाढतो, तसा वापरही वाढतो आणि रांग पुन्हा लागते. म्हणून टॉवर मोजताना प्रतीक्षाही मोजावी लागते. भामरागडच्या रुग्णासाठी नागपूरच्या डॉक्टरशी बोलताना ८ सेकंदांची शांतता फार मोठी असते.