नवी आवृत्ती आणि वापरकर्त्यांच्या अपेक्षा : डेस्कटॉप लिनक्सच्या इतिहासाचे एक अंग

लिनक्सचा इतिहास सामान्यतः कर्नलचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये केलेली घोषणा, नंतर देशोदेशींच्या प्रोग्रामरांनी घातलेली भर आणि मुक्त परवान्यामुळे झालेला प्रसार, हे त्याचे ठरलेले टप्पे होत. परंतु सामान्य माणसाचा संबंध कर्नलशी येत नाही. तो वितरणाशी येतो. कर्नल, त्याभोवतीची साधने, पडद्यावरील खिडक्यांची मांडणी आणि नित्य उपयोगाचे प्रोग्राम यांची एकत्र बांधणी करून जो संच लोकांच्या हाती दिला जातो, त्यास वितरण ही संज्ञा आहे. या संचाची नवी आवृत्ती निघते तेव्हा वापरकर्ता तिच्याकडून काय मागतो, आणि ही मागणी कालक्रमाने कशी पालटत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे.

आरंभीची अपेक्षा माफक होती : प्रणाली यंत्रावर बसावी आणि चालू व्हावी. १९९२ मधील एसएलएस हे वितरण याच हेतूने निघाले. परंतु त्यातील दोषांमुळे वापरणारे त्रस्त झाले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी त्याच वितरणाची दुरुस्ती करीत जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले, आणि इयान मर्डॉक यांनी त्याच असमाधानातून ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. म्हणजे वितरणांच्या इतिहासाचा प्रारंभच अपेक्षाभंगातून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्या काळचा वापरकर्ता बहुधा स्वतःच जाणकार असे. दोष आढळल्यास तो दुरुस्त करी. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाल्यावर मात्र ज्यास केवळ पत्र लिहावयाचे वा हिशेब मांडावयाचा आहे, असा मनुष्यही लिनक्सकडे वळू लागला. दुरुस्ती करण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ नव्हते; त्याच्याजवळ अपेक्षा तेवढी होती.

दुसरी अपेक्षा कालाची. डेबियनची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि त्यानंतरची ३.१ जून २००५ मध्ये. सिद्ध होईल तेव्हाच प्रसिद्ध करावयाची, हे धोरण गुणाच्या दृष्टीने निर्दोष होते. तथापि जवळजवळ तीन वर्षांच्या खंडात नवी यंत्रे बाजारात आली आणि स्थिर आवृत्ती मागे पडली. ग्नोम प्रकल्पाने २००२ पासून सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने आवृत्ती काढण्याची प्रथा पाडली. तिच्याच आधारे ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटूची पहिली आवृत्ती निघाली. तिचा क्रमांक ४.१० असा होता : वर्ष चौथे, महिना दहावा. येथे आकड्याचा अर्थच बदलला. पूर्वी आवृत्तीचा क्रमांक तिची परिपक्वता सुचवी. आता तो केवळ तिथी सांगू लागला. क्रमांक गुणवाचक न राहता कालवाचक झाला, आणि वापरकर्ता तिथीस वचन समजू लागला.

परंतु तिथी पाळली म्हणजे अपेक्षा पुरी झाली, असे घडले नाही. एप्रिल २००६ मध्ये अपेक्षित असलेली उबंटूची आवृत्ती जाणूनबुजून सहा आठवडे लांबवून १ जून रोजी ६.०६ या क्रमांकाने प्रसिद्ध करण्यात आली. तपासणी आणि भाषांतर यांस अधिक अवकाश मिळावा, हा विलंबाचा हेतू होता. कारण या आवृत्तीस डेस्कटॉपवर तीन वर्षे व सर्व्हरवर पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याचे आश्वासन होते. २०१२ मध्ये डेस्कटॉपची मुदतही पाच वर्षांची झाली. एकच मनुष्य दर सहामाहीस नवे मागतो आणि अनेक वर्षे कोणी हात लावू नये असेही म्हणतो, हा विरोध वरवरचा आहे. नवे त्यास यंत्रासाठी हवे असते; जुने त्यास सवयीसाठी हवे असते.

सवयीचे हे बळ २००८ आणि २०११ मध्ये प्रकट झाले. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० प्रसिद्ध झाले. कर्त्यांच्या दृष्टीने तो पुढील रचनेचा पाया होता. परंतु लोकांनी त्या क्रमांकावरून घर बांधून पुरे झाल्याचे अनुमान केले. मे महिन्यात फेडोराच्या नवव्या आवृत्तीने त्याचा स्वीकार केला, आणि अपुऱ्या सोयींविषयी तक्रारींचा वर्षाव झाला. पुढे एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबंटूचे युनिटी यांनी एकाच महिन्यात पडद्याची परिचित मांडणी बदलली. नव्या मांडणीत दोष होते की नव्हते, हा प्रश्न येथे गौण आहे. हाताने जे न पाहता केले जात असे, ते पाहून करावे लागले, हा खरा आक्षेप होता. या असंतोषातून जुन्या ग्नोमची परंपरा पुढे चालविणारे माटे उभे राहिले. लिनक्स मिंटने सिनॅमन घडविले. उबंटूनेही २०१७ मध्ये युनिटी सोडून ग्नोमचा पुन्हा स्वीकार केला. जून २०१९ मध्ये ३२-बिट पॅकेजे वगळण्याचा उबंटूचा निर्णय जाहीर होताच जुने प्रोग्राम व खेळ वापरणाऱ्यांनी विरोध केला, आणि काही दिवसांतच तो निर्णय सौम्य करण्यात आला.

या पार्श्वभूमीवर मराठी वापरकर्त्याची अपेक्षा तपासणे उद्बोधक आहे. कारण त्याचा आरंभबिंदूच निराळा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मराठीत भिन्न आहेत. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडव्या लपेटीचा अर्धा र. हा भेद पडद्यावर उमटला नाही, तर विद्वान आणि स्वयंपाकी यांत अंतर उरत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन मार्गांनी लिहिता येतो. त्यामुळे डोळ्यांस सारखे दिसणारे शब्द शोध घेताना भिन्न ठरू शकतात. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. परंतु संकेत ठरला म्हणजे अक्षर हाती आले असे नव्हे. फॉन्टमध्ये त्याची आकृती हवी, अक्षरजोडणीचे नियम हवेत आणि कळफलकावर त्यास जागा हवी. ही तिन्ही अंगे सामान्य मनुष्यास एकत्र मिळतात ती वितरणाच्या नव्या आवृत्तीतच. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी डेबियनवर आधारलेले बॉस हे वितरण काढले, त्यामागील गरज हीच होय. इंग्रजीत लिहिणाऱ्यास नवी आवृत्ती ही सवयीवरील आपत्ती वाटू शकते. मराठीत लिहिणाऱ्यास तीच आपल्या अक्षराची प्राप्ती असते. मात्र एकदा मिळालेले अक्षर पुढील आवृत्तीत बिघडले, तर त्याचीही गाऱ्हाणी इतरांसारखीच होतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्या आवृत्तीसोबतचे टिपण काय वाढले ते सांगते. वापरकर्त्याची खरी यादी काय तसेच राहावे याची असते, आणि ती सहसा लिहिली जात नाही. मोडल्यावरच ती वाचता येते. बहुतेक डेस्कटॉप वितरणे विनामूल्य असल्याने येथे विक्रेता व ग्राहक यांच्यातील करार नाही. परवाना हमी नाकारतो आणि त्याबदल्यात रचना बदलण्याचा अधिकार देतो. माटेचा जन्म या अधिकारातून झाला. परंतु तो अधिकार वापरण्याचे कौशल्य थोड्यांनाच असते. इतरांस केवळ विश्वासावर विसंबावे लागते. भाषेतही बदल होतातच. पण आजोबांचे पत्र नातवास वाचता यावे, एवढे सातत्य समाज राखतो. आपली कालची फाईल आज उघडावी आणि तिच्यातील अक्षर न अक्षर शाबूत असावे, ही वापरकर्त्याची अपेक्षा त्याच जातीची आहे.