काळी, पांढरी आणि अंगणातला राजगड

दिवाळीला राहूला गेलो की अंगणातला किल्ला हे ठरलेलं काम. 2025 मध्ये पुतण्याने राजगड घेतला. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगडही आहे. म्हणजे नुसता गेरू फासून भागणार नव्हतं. अ‍ॅक्रेलिक रंगांच्या ट्यूबा आल्या होत्या.

राहू बेट मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यात. ऊस, गुऱ्हाळं आणि काळीभोर माती. पोराने दगडांवर काळीचा चिखल थापून तिन्ही माच्या झोकात काढल्या. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीला बोटभर भेग! त्यावरच रंग दिला, तर मातीने त्यातलं पाणी शोषलं आणि संध्याकाळपर्यंत रंगाचे पोपडे धुळीसकट हातात.

"काका, रंग खराब आहे."

रंग चांगला होता. काळी ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "आरं, भुसा न्हाई घातला व्हय? आन् वरनं पांढरीचा हात दे, मग रंग लाव."

पांढरी! हा शब्द कितीतरी वर्षांनी कानावर पडला. जुन्या कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे हे दोन भाग भेटतात. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडायच्या, चुलीची राख त्यात मिसळायची, त्यावर पुन्हा घरं. त्यातून ही फिकट माती तयार झाली. म्हणून तर जुनी वस्ती शोधताना पुरातत्त्ववाले आधी पांढरीचं टेकाड बघतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी उत्खननं केली. तीन हजार वर्षांहून जुनी घरं निघाली, कुडाला माती लिंपलेली. म्हणजे आईच्या हातातलं ज्ञान निदान तेवढं जुनं!

अजिंठ्याच्या कारागिरांनी तर हेच काम कळसाला नेलं. बेसॉल्टची भिंत छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवली, म्हणजे गिलावा पकड घेतो. मग भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू मिसळलेल्या मातीचे थर. त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. गंमत म्हणजे त्याच चित्रांना वाचवायला 1920 च्या सुमारास निजामाने इटलीहून जाणकार आणले. त्यांनी पोपडे चिकटवले, वरून लाखेचं रोगण दिलं आणि पुढे ते रोगणच पिवळं पडलं. खालचे थर टिकले, वरच्या थराने घात केला. असो.

अ‍ॅक्रेलिक रंग बाजारात आले ते 1950 च्या दशकात, पण भुसभुशीत मातीवर तेही हरतात. आम्ही संजीवनी माची उकरली, चिखलात भुसा कालवला, दोन दिवस सावलीत वाळवला. भेगा पडल्या त्या केसाएवढ्या, त्या बुजवल्या. सैल धूळ ब्रशने झाडली. मग पांढरी वस्त्रगाळ करून पाण्यात आणि थोड्या फेविकॉलमध्ये कालवली आणि दोन पातळ हात दिले. दुसरा हात पहिला खणखणीत वाळल्यावरच. त्यावर रंग असा बसला की पोरगं नखाने खरवडून बघत राहिलं.

ती पांढरी आणली कुठून? आमच्याच मागच्या भिंतीची. आजीने दर दिवाळीआधी सारवलेली ती भिंत त्या पावसाळ्यात खचली. आता तिथे स्लॅब पडायचा आहे, आणि मीच भावाला त्यासाठी होकार दिलाय. घमेलं भरताना एक ढेकूळ फुटलं. आतून सारवणाचे थर दिसले, वहीच्या पानांसारखे एकावर एक. मी मोजायला बसलो. विसाच्या पुढे बोटाखालीच भुगा झाला.

आईने तो भुगाही घमेल्यात टाकला. "पोराच्या किल्ल्याला लागंल," म्हणाली.