माहीमचा बांध आणि लेडी जमशेटजी

बांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरांत आपल्या कवठे महांकाळच्या बाजूचा भाविक गेला, तर माहीमची खाडी त्यानें केव्हां ओलांडली हें त्याचें त्यास कळत नाहीं. आपला मुलूख पाण्यावांचून तळमळणारा, अग्रणीचें पात्र वर्षांतून कितीएक महिने कोरडें. तिकडे मात्र पाणी आडवें आल्यानें लोकांचे हाल होत. माहीम हें मुंबई बेटाचें टोंक व बांद्रें साष्टीचें. मध्यें भरती-ओहोटीची खाडी, आणि पलीकडे जाणें नावाड्याच्या हातीं. अठराव्या शतकांत स्वारीच्या भयानें मोतमाउलीची मूर्ति माहीमच्या सेंट मायकल देवळांत आणली होती. ती 1761 सालीं परत गेली, तीहि ही खाडी ओलांडूनच.

बांधाची निकड सर्वांस दिसत होती. सरकार मात्र खर्चास तयार नव्हतें. तेव्हां पुढें आल्या त्या सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई. जमशेटजींस 1842 सालीं ‘सर’ हा किताब मिळाला. हिंदी मनुष्यास असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढें 1857 सालीं ते बॅरोनेट झाले. विलायतेंत उमरावांच्या स्त्रिया आपल्या जमीनदारींत रस्ते व शाळा बांधीत. त्याच पंक्तीचा ‘लेडी’ हा किताब या पारशी बाईंच्या नांवामागें लागला. पण बांध ज्या लोकांसाठीं बांधावयाचा, ते कांहीं त्यांचीं कुळें नव्हत.

आवाबाईंनीं 1,57,000 रुपये दिले आणि एकच अट घातली : या वाटेवर सरकारनें टोल घेऊं नये. माझ्या मतें रकमेहून ही अट मोठी. पैसा देणारे पुष्कळ असतात. पण मासळीची पाटी डोकीवर घेऊन येणाऱ्या कोळणीकडून प्रत्येक खेपेस पैसा काढला जाईल, हें आधींच ओळखून तो मार्ग बंद करणारा दाता विरळा. 1845 सालीं बांध खुला झाला.

त्याचा दुसराहि परिणाम सांगितला पाहिजे. वाट सुकर झाली तशी मुंबई बांद्र्यांत शिरली; पुढें आगगाडीहि आली. जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या भातशेतांवर बंगले उठले, आणि रानवार व चिंबई या गांवांस शहरानें वेढलें. कांहींस त्यांत लाभ झाला, कांहींच्या हातची जमीन गेली. याचा दोष आवाबाईंस देतां येत नाहीं, पण तो हिशेब त्यांच्या दानाशेजारीं मांडावा लागतो.

माहीमहून बांधाकडे जाणाऱ्या रस्त्यास लेडी जमशेटजी रोड म्हणतात.