स्पायडर-मॅन: इंडिया
स्पायडर-मॅन: इंडिया ही स्पायडर-मॅन या अमेरिकन महानायकाला मुंबईच्या पार्श्वभूमीवर नव्याने घडवणारी चार अंकांची चित्रकथामालिका आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे तिचे निर्माते. गोथम कॉमिक्सने ती २००४ मध्ये भारतात आणली. पुढे मार्व्हलने अमेरिकेतही प्रकाशित केली.

खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकण्यासाठी आलेला पवित्र प्रभाकर हा कथानायक होय. मूळ पात्रांची नावे उच्चारसाम्य राखून बदलली आहेत: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, तर मेरी जेनची मीरा जैन झाली. किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाऐवजी पवित्रला एका योग्याकडून सामर्थ्य लाभते; त्याच्या पोशाखात धोतर आहे. खलनायक नलिन ओबेरॉय ताईताच्या प्रभावाने राक्षस बनतो. काका भीम यांचा मृत्यू मात्र मूळ कथेप्रमाणेच येतो. कारण सामर्थ्यासोबत येणारी जबाबदारी हा कथेचा गाभा असून तो बदलल्यास नायकाची ओळखच उरत नाही.

परिचित नायकाच्या पुनर्निर्मितीचा दुसरा मार्ग डीसी कॉमिक्सच्या ग्रेसन (२०१४) या मालिकेत दिसतो. तीत बॅटमॅनचा साथीदार डिक ग्रेसन गुप्तहेर होतो. तेथे नायकाचा पेशा बदलला, येथे त्याची भूमी.

स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स (२०२३) या चित्रपटात पवित्र 'मुंबॅटन' या काल्पनिक नगरीत दिसतो.