दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटची रचना

दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटची रचना या विषयात संच दुरून चालवण्यासाठी हातात धरायच्या उपकरणाचा आकार, त्यावरील बटणांची संख्या व मांडणी, बटणांवरील चिन्हे आणि संकेत पाठवण्याची पद्धत यांचा विचार केला जातो. या उपकरणास 'दूरनियंत्रक' असा मराठी प्रतिशब्द असला तरी व्यवहारात 'रिमोट' हाच शब्द रूढ आहे. रिमोट बहुधा मंद उजेडात, एका हाताने आणि नजर पडद्यावर ठेवून वापरला जातो. त्यामुळे न पाहता, केवळ स्पर्शाने हवे ते बटण सापडणे ही चांगल्या रचनेची महत्त्वाची कसोटी मानली जाते. बटणांची गर्दी, एकाच घरातील अनेक रिमोट आणि चुकून दाबल्या गेलेल्या बटणामुळे होणारा गोंधळ या वापरकर्त्यांच्या प्रमुख तक्रारी आहेत. बटणे कमी करण्याच्या प्रयत्नांतून काही अडचणी सुटल्या, तर काही नव्याने निर्माण झाल्या.

## इतिहास

अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने १९५० साली 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट बाजारात आणला. तो लांब वायरने संचाला जोडलेला असे. खोलीत जमिनीवर पसरलेल्या या वायरीत पाय अडकतो, ही त्याविषयीची मुख्य तक्रार होती.

१९५५ साली याच कंपनीतील अभियंते युजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' हा बिनतारी रिमोट तयार केला. पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या या उपकरणातून पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदकांवर प्रकाशाचा झोत टाकावा लागे. कोणत्या कोपऱ्याने कोणते काम होते हे वापरकर्त्याला लक्षात ठेवावे लागे. शिवाय संवेदकांवर ऊन पडल्यास वाहिनी आपोआप बदलत असे.

या अडचणींवर उपाय म्हणून रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेवर आधारलेला 'स्पेस कमांड' हा रिमोट १९५६ साली आला. त्यात ॲल्युमिनियमच्या चार दांड्या होत्या. बटण दाबल्यावर छोटी हातोडी दांडीवर आपटे आणि मानवी कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निर्माण होई. प्रत्येक दांडीची कंप्रता वेगळी असल्याने संचाला आज्ञा ओळखता येत असे. या रिमोटला सेल लागत नसत. सेल संपल्यास ग्राहक संचच बिघडला असे समजतील, अशी भीती कंपनीच्या विक्री विभागाला वाटत होती. बटण दाबताना होणाऱ्या 'टक्' अशा आवाजामुळे अमेरिकेत रिमोटला 'क्लिकर' हे नाव पडले. संकेत ओळखण्यासाठी संचात सहा जादा निर्वात नलिका बसवाव्या लागल्याने संचाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. पॉली आणि ॲडलर यांना या कार्यासाठी १९९७ साली एमी पुरस्कार देण्यात आला.

'स्पेस कमांड'वर वाहिनी पुढे नेणे, मागे नेणे, आवाज बंद करणे आणि संच चालू-बंद करणे एवढ्या चारच आज्ञा होत्या. १९७० च्या दशकात ही स्थिती बदलली. ब्रिटनमध्ये १९७४ साली बीबीसीने 'सीफॅक्स' ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. तीत माहितीची पाने तीन अंकी क्रमांकाने मागवावी लागत, त्यामुळे रिमोटवर शून्य ते नऊ अंकांची बटणे आवश्यक ठरली. एवढ्या आज्ञांसाठी श्राव्यातीत ध्वनी अपुरा पडू लागला आणि १९८० च्या दशकात अवरक्त किरणांवर चालणारे रिमोट सर्वत्र रूढ झाले. नवी आज्ञा वाढवण्याचा खर्च एका रबरी बटणापुरताच उरला. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, केबल आणि उपग्रह वाहिन्या यांच्या प्रसाराबरोबर बटणांची संख्या वाढत गेली.

## कार्यपद्धती व तिच्या मर्यादा

रिमोटच्या टोकाशी असलेला प्रकाश-उत्सर्जक डायोड साधारणतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो. ऊन आणि घरातील दिवे यांच्या किरणांपासून संकेत वेगळा ओळखता यावा म्हणून हे किरण सेकंदाला बहुधा ३८,००० वेळा चालू-बंद केले जातात. एनईसी कंपनीच्या प्रचलित पद्धतीत एक संकेत ३२ बिटांचा असतो. त्यात उपकरणाची ओळख आणि आज्ञा यांचा समावेश असून मूळ स्वरूपात आज्ञेनंतर तिचे उलट रूपही पाठवले जाते. त्यामुळे अर्धवट पोहोचलेली आज्ञा संच नाकारू शकतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत १४ बिट आणि ३६ किलोहर्ट्‌झ, तर सोनीच्या पद्धतीत ४० किलोहर्ट्‌झ कंप्रता वापरली जाते. सर्व उत्पादकांनी एकच संकेतपद्धती स्वीकारली नाही, म्हणून एका कंपनीचा रिमोट सहसा दुसऱ्या कंपनीच्या संचावर चालत नाही.

हा संवाद एकतर्फी असतो. संकेत पोहोचला की नाही हे रिमोटला कळत नाही. चालू आणि बंद या दोन्हींसाठी एकच बटण असल्यामुळे याचा विशेष त्रास होतो. एकाच बटणाने संच आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही सुरू करण्याची सोय असेल आणि त्यांतील एकाला संकेत मिळाला नाही, तर एक उपकरण चालू व दुसरे बंद राहते. पुन्हा बटण दाबल्यास केवळ त्यांची अदलाबदल होते. चालू व बंद यांसाठी स्वतंत्र आज्ञा ठेवल्यास हा दोष टळतो, परंतु अनेक उत्पादक अशा आज्ञा रिमोटवर देत नाहीत.

अवरक्त किरण भिंतीतून किंवा कपाटाच्या लाकडी दारातून जात नाहीत, त्यामुळे रिमोट संचाच्या दिशेने धरावा लागतो. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही अट नसते. मात्र त्याची संचाशी आधी जोडणी करावी लागते आणि ती तुटल्यास पुन्हा कशी करायची हे अनेकांना ठाऊक नसते.

## बटणांची मांडणी

अंकांची बटणे बहुतेक रिमोटवर दूरध्वनीप्रमाणे, म्हणजे १, २, ३ ही वरच्या ओळीत असतात. गणकयंत्रावर हा क्रम उलटा असतो. ५ या बटणावर बोटाला जाणवेल असा उंचवटा ठेवण्याची प्रथाही दूरध्वनीशी समान आहे. त्या एका खुणेवरून इतर अंकांची जागा न पाहता कळते. लाल, हिरवे, पिवळे आणि निळे अशी चार रंगीत बटणे टेलिटेक्स्टच्या काळातील आहेत. जेथे ती सेवा नव्हती तेथेही ती टिकून राहिली. त्यांचे कार्य संच व कार्यक्रमानुसार बदलत असल्याने ती अनेक घरांत न वापरलेलीच राहतात.

वारंवार लागणारी बटणे मोठी आणि अंगठ्याच्या सहज आवाक्यात असावीत, हे तत्त्व पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमाशी सुसंगत आहे. लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, असे हा नियम सांगतो. एकाच आकाराची बटणे जाळीसारखी मांडल्यास ही सोय नाहीशी होते. १९९९ साली अमेरिकेत आलेल्या टिवो या ध्वनिचित्रमुद्रकाचा रिमोट या बाबतीत नावाजला जातो. भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्ये बारीक असलेला त्याचा आकार हातात नीट बसतो आणि वेगवेगळ्या आकारांची बटणे बोटांना ओळखता येतात.

## प्रमुख तक्रारी

बटणांची गर्दी: रोजच्या वापरात चालू-बंद, आवाज, वाहिनी आणि दिशादर्शक बटणे एवढीच बहुतेकांना लागतात. उरलेली बटणे क्वचित वापरली जात असली तरी नेहमीच्या बटणांइतकीच जागा व्यापतात.

चुकून होणारे बदल: 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटण नकळत दाबले गेल्यास चित्र जाऊन संकेत नसल्याची सूचना दिसते. काय बदलले हे कळत नसल्याने अनेक वापरकर्ते, विशेषतः वृद्ध व्यक्ती, संच बिघडला असे समजतात. पूर्वस्थितीत नेणारे एकच खात्रीचे बटण बहुतेक रिमोटवर नसते.

जाहिरातवजा बटणे: नेटफ्लिक्सने २०११ साली आपल्या नावाचे स्वतंत्र बटण विविध उत्पादकांच्या रिमोटवर येणार असल्याचे जाहीर केले. पुढे इतर सेवांचीही अशी बटणे आली. ज्यांनी ती सेवा घेतलेली नाही त्यांना हे बटण निरुपयोगी असते, आणि सहसा त्याचे काम बदलता येत नाही. चुकून स्पर्श झाल्यास चालू कार्यक्रम सोडून दुसरेच ॲप उघडते.

झीज: रबरी बटणाखाली कार्बनचा विद्युतवाहक थर असतो. बटण दाबल्यावर तो मंडलावरील दोन टोके जोडतो. हातावरील तेलकटपणा व धूळ आत गेल्यास बटण जोरात दाबावे लागते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बटणांवरील अक्षरेही प्रथम पुसली जातात.

## उपाय व पर्याय

अनेक उपकरणांसाठी एकच रिमोट ही कल्पना १९८० च्या दशकात पुढे आली. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपल्या नव्या कंपनीतर्फे १९८७ साली 'कोअर' हा रिमोट आणला. इतर रिमोटांचे संकेत तो शिकून घेत असे, मात्र त्याची मांडणी करणे सर्वसाधारण ग्राहकाला अवघड होते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००४ साली घरगुती चित्रपट व्यवस्थेसाठी लागणाऱ्या सहा रिमोटांचे उदाहरण देऊन त्यांतील विसंगतीवर टीका केली. लॉजिटेक कंपनीच्या 'हार्मनी' मालिकेत उपकरणाऐवजी 'चित्रपट पाहणे', 'संगीत ऐकणे' अशी कृती निवडता येत असे. रचनाविषयक लेखक डोनाल्ड नॉर्मन यांनी या पद्धतीची प्रशंसा केली. २०२१ साली हार्मनी रिमोटांचे उत्पादन थांबवण्यात आले.

एचडीएमआय केबलमधील सीईसी या सोयीमुळे जोडलेली उपकरणे एकमेकांना आज्ञा पाठवू शकतात आणि संचाच्याच रिमोटने चालतात. ही सोय वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी दिल्यामुळे ती आपल्या संचात आहे हे अनेक ग्राहकांना कळत नाही.

बटणे कमी करण्याच्या टोकाच्या प्रयोगाचे उदाहरण म्हणून ॲपल टीव्हीच्या २०१५ सालच्या रिमोटचा उल्लेख होतो. त्यात मोजकी बटणे आणि वरच्या भागात काचेचे स्पर्शपटल होते. उपकरण इतके सममित होते की अंधारात त्याची वरची बाजू कोणती हे कळत नसे, आणि उचलतानाच पटलाला स्पर्श होऊन कार्यक्रम पुढे-मागे होई. २०२१ च्या नव्या आवृत्तीत जाडी वाढवून दाबता येणारे दिशादर्शक चक्र देण्यात आले.

कमी बटणांच्या रिमोटमध्ये काढून टाकलेल्या आज्ञा पडद्यावरील यादीत जातात. त्यामुळे पूर्वी एकदा दाबून होणाऱ्या कामासाठी अनेक पायऱ्या लागतात. ध्वनी-आज्ञेने शोध घेणे सोपे होते. आवाज किंचित वाढवण्यासारख्या लहान कामांसाठी मात्र बटणच जलद ठरते.

## भारतातील स्थिती

भारतात २००३ पासून डीटीएच सेवांचा प्रसार झाला. केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनंतर मुंबईसह चार महानगरांपासून टप्प्याटप्प्याने केबलचे अंकीकरण झाले. पुणे आणि नागपूर ही शहरे दुसऱ्या टप्प्यात होती. सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाल्याने बहुसंख्य घरांत संचाचा एक आणि बॉक्सचा एक असे दोन रिमोट आले. दोन्हींवर आवाज व चालू-बंद यांची बटणे असल्यामुळे कोणता रिमोट कशासाठी, हा प्रश्न कायमचा झाला. यावर तोडगा म्हणून बॉक्सच्या अनेक रिमोटवर संचाच्या रिमोटचे संकेत शिकवता येतील अशी काही बटणे दिलेली असतात.

वाहिन्यांचे क्रमांक तीन किंवा चार अंकी असून ते प्रत्येक सेवेत निराळे असतात. त्यामुळे येथे अंकांच्या बटणांचे महत्त्व टिकून आहे आणि अंक नसलेला रिमोट अनेक प्रेक्षकांना गैरसोयीचा वाटतो. बटणांवरील शब्द बहुधा इंग्रजीत असतात. इंग्रजी न वाचणारे प्रेक्षक रंग, चिन्ह आणि जागा यांवरून बटणे लक्षात ठेवतात, म्हणून रिमोट बदलल्यावर त्यांना तो नव्याने शिकावा लागतो. धूळ व ओल्या हातांपासून बचावासाठी रिमोटला प्लास्टिकचे आवरण घालण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. त्याने अक्षरे टिकतात, पण बटणांचे उंचवटे बोटांना कमी जाणवतात.

## सुलभता व सुरक्षितता

दृष्टिहीन व्यक्तींसाठी बटणांचा निश्चित क्रम आणि स्पर्शखुणा आवश्यक असतात. पडद्यावरील यादी वाचून दाखवण्याची सोय नसल्यास कमी बटणांचा रिमोट त्यांना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. केवळ रंगावरून ओळखायची बटणे रंगांधांना अडचणीची असतात, तर हात थरथरणाऱ्या व्यक्तींना मोठी आणि एकमेकांपासून दूर असलेली बटणे सोयीची पडतात. अमेरिकेत २०१० च्या दळणवळण सुलभता कायद्याखालील नियमांनुसार उपशीर्षके सुरू करण्याची सोय बटण, कळ किंवा चिन्ह यांच्याइतकी सहज उपलब्ध असावी लागते. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विकासास शासनाने चालना द्यावी अशी तरतूद आहे.

लहान आकाराच्या काही रिमोटमध्ये नाण्यासारखे चपटे सेल असतात. मुलाने असा सेल गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. अमेरिकेत २०२२ साली संमत झालेल्या 'रीसचा कायदा' या कायद्याने अशा सेलचे झाकण मुलांना सहज उघडता येणार नाही असे असणे बंधनकारक केले. सेलचे झाकण स्क्रूने बंद होते की नुसते सरकते, ही बाब त्यामुळे रचनेइतकीच सुरक्षिततेचीही ठरली आहे.

## हे सुद्धा पहा

* दूरचित्रवाणी
* अवरक्त किरण
* सेट-टॉप बॉक्स
* टेलिटेक्स्ट