शेर, पायली आणि दहाची जुडी

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पंतोजींच्या शाळेतली मुले हे अपूर्णांकांचे पाढे परवच्यात तालावर म्हणत, आणि आज त्यांचे नाव निघाले की सोबत घोकंपट्टी हा शब्द हमखास येतो. गणित हाताने शिकवायचे साहित्य परदेशातून आले, त्याआधी आपल्याकडे नुसते पाठांतर होते, असा समज त्यातूनच रुजला. मला तो पटत नाही. साहित्य आपल्याकडे होते; ते शाळेत नव्हते, घरात आणि बाजारात होते. त्यातून मूल जे शिके ते निम्म्याचे गणित होते, दहाचे नव्हते. शाळेला मणी, काड्या आणि चिंचोके का लागले, हे या फरकातून कळते.

आधी शब्दच पाहू. अडीच हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असा. दीडमध्ये दुसरा अर्धा, औटमध्ये चौथा. औट म्हणजे साडेतीन. पाढा गेला तरी ‘औट घटकेच्या राज्यात’ तो अजून टिकून आहे. हे शब्द कागदावर आकडे मांडून सुचलेले नाहीत. दोन शेर काठोकाठ भरून ओतावेत आणि तिसरा निम्म्यावर थांबवावा, तेव्हा डोळ्यांना जे दिसते त्याचे हे नाव आहे. पाऊण म्हणजे पावाने कमी, सव्वा म्हणजे पावासकट. धान्य मोजायच्या मापांतही तीच चाल दिसते: दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तागडीत पक्क्या शेराचे सोळा छटाक, आणि रुपयाचे आणेही सोळाच. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार वेळा निम्मे केले तरी कुठे काही तुटत नाही. शेराला साडेतीन आणे भाव असेल तर पाच शेरांचे साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा. औटकी येणाऱ्या मुलाला हे तोंडावर सांगता येई, आणि तो शेर व तो आणा त्याच्या हाताखालून रोज जात असे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पंतोजींच्या शाळेत छडी होती, धूळपाटी होती, माप नव्हते. मूल आधी पाठ करी, अर्थ पुढे कधीतरी लागे. शिवाय त्या शाळेचे दार दलितांच्या मुलांना बंद होते आणि मुलींनाही जवळपास बंदच होते. हे सगळे खरे आहे, आणि त्या शाळेचे गोडवे मला गायचे नाहीत. पण अर्थ लागायची जागा शाळेबाहेर मात्र होती. ‘लीलावती’ची सुरुवात आठवावी. ११५० च्या सुमारास भास्कराचार्य गणित मांडायला बसले, ते आधी नाणी आणि मापे सांगून: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. वाचणाऱ्याने कवडी हाताळलेली आहे हे त्यांनी गृहीत धरले होते. जी वस्तू मुलाच्या घरातच आहे, ती शाळेने वेगळी आणून देण्याची गरज कुणाला वाटली नसावी.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने किलो आले. शंभराचे निम्मे पन्नास, त्याचे पंचवीस, आणि पुढे साडेबारा. तिसऱ्याच पायरीला पैसा मोडतो. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, असा हिशेब बाजारात कोण करणार? पाढ्यांखालचे माप निघून गेले आणि पाढे अधांतरी राहिले. खरी घोकंपट्टी झाली ती तेव्हा. व्यवहार दहाचा झाला, पण दहाचा गट हाताला ओळखीचा नव्हता. भाषाही इथे मदतीला येत नाही. त्रेसष्ट ऐकून साठ आणि तीन वेगळे काढणे लहान मुलाला अवघडच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! ‘भाषा बिघडेल’ ही भीती मी समजू शकतो, पण त्या सुचवणीमागची अडचण खोटी नव्हती.

मारिया माँटेसरींचे सोनेरी मणी नेमके या अडचणीवर बेतलेले आहेत. एक सुटा मणी, तारेत ओवलेले दहा, अशा दहा तारांचा शंभराचा चौरस, दहा चौरसांचा हजाराचा घन. मूल एका हातात मणी आणि दुसऱ्या हातात घन घेते, तेव्हा एक आणि हजार यांतला फरक त्याच्या मनगटाला कळतो. ताराबाई मोडकांना हे साहित्य भावनगरपासून, गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना, परिचयाचे होते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये त्यांचे बालशिक्षणाचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गावात आणि आदिवासी पाड्यांवर महागडी पेटी परवडणारी नव्हती. मग बिया, खडे, शिंपले, काटक्या, पाने असे आसपासचे साहित्य वर्गात आले.

ही गरिबीतली तडजोड होती, मूळ साहित्याची सर तिला कशी येणार, असे कुणी म्हणेल. एका बाबतीत ते मान्य करावेच लागेल. माँटेसरींचे लांबीचे दांडे दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत नेमक्या फरकाने वाढतात, त्यामुळे चूक झाली तर ती मुलाला आपली आपणच दिसते. चिंचोका लहानमोठा असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही. पण दशकाच्या बाबतीत मला काडीच सरस वाटते. तारेतले दहा मणी कारखान्यात ओवलेले असतात, मुलाला ते सोडवता येत नाहीत. दहा काड्यांची जुडी मूल स्वतः मोजून बांधते, आणि बेचाळीसातून सतरा वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर चारांपैकी एका जुडीची दोरी स्वतःच सोडते. हाताशी बारा काड्या येतात. त्यांना वर्गात ‘सुट्या’ म्हणतात, आणि नोट मोडून आणलेल्या पैशांनाही आपण सुटेच म्हणतो.